चिठ्ठीवरचा आकडा

दुकानात त्याला तोंडावर सगळे 'उस्ताद' म्हणत आणि पाठ वळली की 'अंदाजपंचे'. वास्तविक अंदाज या गोष्टीचा एवढा तिटकारा असलेला माणूस शोधून सापडला नसता. भाजीवाला 'किलोभर भरेल' म्हणाला तरी याच्या कपाळाला आठी पडायची. पण कॉम्प्युटर सुरू होण्याआधीच हा त्याचा स्कोअर सांगून मोकळा व्हायचा, आणि ज्याचं गणित आपल्याला येत नाही त्याला लोक अंदाज म्हणतात. नाव पडलं ते पडलंच.

दुकान होतं कॉम्प्युटर जुळवून देण्याचं. पुढे काउंटर, मागे लांबलचक टेबल, त्यावर हिरवी रबरी मॅट, डोक्यावर चार दिवे, आणि बरण्यांच्या झाकणांत मापाप्रमाणे वेगळे केलेले स्क्रू. गिऱ्हाइकाने सुटे भाग निवडायचे, टेबलावर त्यांची जुळणी व्हायची, आणि मशीन हातात देण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची. पडद्यावर दहा मिनिटं धावती दृश्यं चालत, पंखे घरघरत, आणि शेवटी एक आकडा येई. तो स्कोअर. टेबलाच्या मधोमध, दिव्याखालची जी मुख्य जागा, तिथे हा वीस वर्षं बसला.

चिठ्ठीची पद्धत त्यानेच पाडली. जुळणी कोणीही करो, मुख्य जागेवर बसणाऱ्याने बटण दाबण्याआधी एका चिठ्ठीवर आकडा लिहायचा, घडी करायची आणि मॅटखाली सारायची. एकदा चिठ्ठी मॅटखाली गेली की कोणी तोंड उघडायचं नाही. परीक्षा संपली की चिठ्ठी बाहेर. स्कोअर चिठ्ठीपेक्षा कमी आला तर घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं. इथवर पद्धत चांगलीच होती.

मेख पुढे होती. जुळणी चालू असताना कोणाची चूक याच्या नजरेला पडली, तर हा ती सांगत नसे. मूग गिळून बसे, मनात हिशेब करी, त्या चुकीमुळे जितका पडेल तितका आकडा चिठ्ठीवर लिही आणि वाट बघे. मशीन गिऱ्हाइकासमोर माती खाई. मग चिठ्ठी उघडली की तिच्यावर तोच पडका आकडा! "पाहिलं होतं मी," हा शांतपणे म्हणे, "म्हटलं, बघू तरी तुझं तुला दिसतंय का." गिऱ्हाईक तोंडात बोट घाली, आणि जुळवणाऱ्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होई. याला वाटे, आपण शिकवतो आहोत. शिकवत होताही, पण त्याला त्यात मजा येत होती हे काही कोणापासून लपलं नव्हतं.

त्या टेबलावर एक मुलगी शिकायला आली होती. हात स्वच्छ, डोकं शांत, पण वेग बेताचा. दुसऱ्याच दिवशी याने तिचं नाव 'कासव' ठेवलं, आणि दुकानाने ते लगेच उचललं. महिन्याभरात तिच्या हातून मेमरीची एक पट्टी अर्धवट बसली. याने ती पाहिली. मशीन एकाच पट्टीवर चाललं, स्कोअर पडला, चिठ्ठी उघडली, आकडा जुळला. एवढ्यावर भागलं असतं, पण याने चिकटपट्टी घेतली आणि ती चिठ्ठी तिच्या पाठीवर डकवली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती पाठीवर आकडा घेऊन काउंटर ते टेबल ये-जा करत राहिली आणि गिऱ्हाइकं वाचत राहिली. ती रडली नाही. ती रडली नाही याचाच याला जास्त राग आला.

मग एका सकाळी हा माळ्यावरून खोकं काढताना शिडीवरून पडला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण बोटं लाकडी झाली होती. कामावर परतला त्या पहिल्याच दिवशी हातातले तीन स्क्रू एकापाठोपाठ एक उघड्या मशीनच्या पोटात पडले. मालक म्हणाले, "हात पूर्ण बरा झाला की या." इतकं गोड बोलून दार लावता येतं हे याला तेव्हा कळलं.

त्याला दोन वर्षं झाली.

त्या दोन वर्षांत घर बायकोने ओढलं. सकाळी एका दवाखान्यात केसपेपर काढायचे, दुपारी तासाभरासाठी घरी यायचं, आणि तीनपासून लाँड्रीत इस्त्री. लाँड्रीवाली बाई तोंडाची फाटकी. चुण्या राहिल्या तर शर्ट बायकोच्या अंगावर फेकायची. बायको रात्री सुजलेली पावलं स्टुलावर ठेवून ते सगळं सांगायची, आणि हा ऐकताना मान हलवायचा, पण डोळे पडद्यावर.

कारण पडद्यावर याचं दुकान चालू होतं. कॉम्प्युटर जुळवण्याचा एक खेळ त्याला सापडला होता. त्यातही दुकान, टेबल, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या: 'बारा हजारांच्या वर स्कोअर हवा', 'आवाज नको', 'जुन्या मशीनला तीन हजार वाढवून द्या'. भाग निवडायचे, एक टिचकी मारली की स्क्रू आपोआप फिरतो, दुसरी मारली की प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लागते, तिसरीला त्यावर तो थंड ठेवणारा कूलर बसतो. हात थरथरण्याचा प्रश्नच नाही. शेवटी परीक्षा, आणि तीही दुकानात घेतात तीच, त्याच मापाची. स्कोअर पसंत पडला की गिऱ्हाईक पाच तारे देतं. खऱ्या गिऱ्हाइकांनी वीस वर्षांत याला एकही तारा दिला नव्हता.

तारे मिळवून हा थांबला नाही. त्याला सूत्र हवं होतं. दुकानात तो अनुभवावरून आकडा सांगे, शे-दोनशे इकडेतिकडे. इथे वेळच वेळ होता. त्याने एकच मशीन चाळीस वेळा जुळवलं, दर वेळी एकच भाग बदलून. मेमरीची एक पट्टी, मग दोन. प्रोसेसरचा वेग एक घर वर, एक घर खाली. प्रत्येक आकडा वहीत. चौथ्या वहीत त्याला ते सापडलं. ग्राफिक्स कार्डाचे गुण आणि प्रोसेसरचे गुण यांची साधी सरासरी नसते. शंभर मैलांची वाट आहे असं धरा. पंच्याऐंशी मैल ग्राफिक्सच्या वेगाने जायचं आणि पंधरा मैल प्रोसेसरच्या वेगाने. सगळ्या वाटेचा मिळून जो वेग पडेल तो स्कोअर. म्हणजे वाट्याला पंधराच मैल असले तरी प्रोसेसर लंगडा निघाला की तो सगळ्या प्रवासाला रडवतो. त्यानंतरच्या तीनशे मशीनांत याचा आकडा वीस गुणांच्या पलीकडे एकदाही चुकला नाही.

"आज किती विकलेत?" बायको चपला काढता काढता विचारायची.

"चार."

"आणि तारे?"

"वीस. सगळेच्या सगळे."

"छान. परातीत काढून ठेवा, त्यांची भाजी करते."

स्कोअर मात्र तिने कधी विचारला नाही. याला ते लागायचं. माणूस उपाशी राहील, पण आपण केलेलं कोणी विचारू नये हे सोसत नाही.

पण हात तिनेच बरा केला, हे सांगायला हवं. रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी ती डब्यातली बटणं ताटात ओतायची आणि याला ती एकेक उचलून परत डब्यात टाकायला लावायची. आधी कोटाची मोठी, मग शर्टाची, मग लहान मुलांच्या कपड्यांची. वर्षभर हा वैतागला, ओरडला, एकदा ताट भिरकावलं. तिने बटणं गोळा केली आणि ताट पुन्हा समोर ठेवलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो टाचणी उचलू लागला.

तेवढ्यात दुकानातून निरोप आला. मालक आता घरीच असतात, मुख्य जागेवरचा माणूस सोडून गेला, हंगाम तोंडावर आहे. उस्ताद येतील का? दुकान आता कोण बघतं, असं याने विचारलं तर पलीकडचा म्हणाला, "मॅडम." मॅडम म्हणजे कासव.

हा गेला. ती काउंटरमागे होती, चष्मा लागला होता, बाकी तशीच. "बसा उस्ताद," म्हणाली. मागचं काही काढलं नाही, चहा मागवला. "ऐकलं, तुम्ही आता पाच-दहा गुणांपर्यंत आकडा सांगता म्हणे?"

"सूत्र आहे माझ्याकडे."

"मग घोडामैदान जवळच आहे. शनिवारी अकरा वाजता या. एक मशीन स्वतःच्या हाताने जुळवा, चिठ्ठी लिहा. शंभरच्या आत आलात तर मुख्य जागा तुमची. एक तारखेपासून."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं ते "झालंच समज" असं. बायकोने सुजलेली पावलं स्टुलावरून खाली घेतली. मग म्हणाली, "अहो, मग मी लाँड्रीत सांगून टाकू? एक तारखेपासून येत नाही म्हणून?"

"शनिवारी नक्की होऊ दे."

"शनिवारी दुपारी घरी या आणि मला सांगा. लगेच फोन करते. त्या बाईला काय काय बोलायचंय ते माझं पाठ आहे."

शनिवारी अकराला टेबलाभोवती पाच-सहा जण जमले होते. काउंटरवरचे दोघे, माल आणणारा, दोन गिऱ्हाइकं. सगळ्यांचे डोळे याच्या उजव्या हातावर. याचेसुद्धा. पहिला स्क्रू त्याने चिमटीत उचलला, भोकावर धरला, फिरवला. पडला नाही. दुसरा. तिसरा. माल आणणारा हळूच म्हणाला, "हात आला की हो परत!" ते शब्द याच्या डोक्यात दारूसारखे चढले. दोन वर्षांनी कोणी याच्याकडे कौतुकाने बघत होतं, आणि मग जीभ सैल सुटली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं झालं.

"लोक स्कोअर बघतात, वाट बघत नाहीत," बोर्डावर प्रोसेसर बसवत तो म्हणाला. "शंभर मैल धरा." पट्ट्या बसवता बसवता त्याने पंच्याऐंशी आणि पंधरा मैल समजावले. पेस्ट लावली. "ग्राफिक्स पंधरा हजार, प्रोसेसर साडेअकरा हजार. करा हिशेब! कोण करतंय? कोणी नाही? अंदाजपंचे म्हणता ना मला?" सगळे हसले, आणि हाही हसला. खोक्यातून कूलर काढून त्याने पेस्टवर टेकवला आणि चारही स्क्रू आळीपाळीने, कोपऱ्यातून कोपऱ्यात, अगदी पुस्तकात लिहावं तसे आवळले. हाताने एकदाही दगा दिला नाही.

कासव टेबलाच्या त्या टोकाला हाताची घडी घालून उभी होती. ती म्हणाली, "उस्ताद, एक विचारू? समजा प्रोसेसर इतका तापला की त्याने स्वतःचा वेग चौथ्या हिश्श्यावर आणला, तर?"

याला भरून आलं. मंद पोरगी, पण प्रश्न बरोबर विचारला. "बघा, याला म्हणतात डोकं! पंधरा मैल ते, पण ते लंगडत काटायचे. सगळा प्रवास बसतो." क्षणभर डोळे मिटले. "नऊ हजार एकशे अठ्ठ्याऐंशी. तू नऊ हजार दोनशे धर. पण तसं मशीन जुळवणारा गाढव असायला हवा."

"नऊ हजार दोनशे," ती म्हणाली.

त्याने चिठ्ठीवर लिहिलं: १४३४५. शंभरची सवलत होती, पण शेवटचा पाचसुद्धा त्याने ठसठशीत काढला. घडी करून मॅटखाली सारली. तिनेही एक चिठ्ठी लिहिली. "मुख्य जागा अजून माझ्याकडे आहे," म्हणाली, "पद्धत तुमचीच," आणि आपली चिठ्ठी त्याच्या चिठ्ठीशेजारी सारली. मग बटण दाबलं.

दोन मिनिटं सगळं सुरेख चाललं. तिसऱ्या मिनिटाला पंखा ओरडायला लागला. पडद्यावरची दृश्यं अडखळू लागली. चिठ्ठी गेलेली, त्यामुळे कोणी बोलत नव्हतं, आणि उरलेली सात मिनिटं त्या नियमाने याला जिवंत भाजलं. शेवटी आकडा आला: ९२१२.

तिने त्याची चिठ्ठी उघडून वाचली. काउंटरवरचा एक जण फिसकन हसला. मग तिने स्वतःची उघडली आणि सगळ्यांना दिसेल अशी मॅटवर ठेवली. ९२००. आता कोणी हसलं नाही.

तिने कूलरचे चार स्क्रू सोडले, कूलर उचलून उलटा केला. तांब्याच्या गुळगुळीत बुडावर काचेसारखी पारदर्शक फिल्म तशीच होती, कडेला दुमडलेल्या शेपटीवर लाल अक्षरांत: बसवण्याआधी काढा. प्रत्येक नव्या कूलरवर असते, आणि राहून गेली तर प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही. वीस वर्षांत याने अशा हजारो सोलल्या असतील. डोक्याला न विचारता हात सोलत. पण खेळातल्या कूलरला फिल्म नसते. तिथे पेस्टची टिचकी झाली की कूलरची टिचकी, मध्ये काही नाही. बायकोने बटणं उचलायला लावून बोटं परत आणली. बोटांना जे ठाऊक होतं ते दोन वर्षांत खेळाने पुसून टाकलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

"तू पाहिलं होतंस," तो म्हणाला.

"खोक्यातून काढलात तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस? तेव्हा तर चिठ्ठीही गेली नव्हती."

"बोलले की. विचारलं तुम्हाला." तिने फिल्म सोलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "आकडाही तुम्हीच सांगितलात. मी फक्त लिहिला."

त्याने तिच्या चेहऱ्यावर आनंद शोधला. तो दिसला असता तर शिव्या देता आल्या असत्या. तिने कापडाने पेस्ट पुसली, कूलर काउंटरवाल्याकडे सरकवला, "पुन्हा बसव, साडेबाराला न्यायला येतील," म्हणाली, आणि काउंटरकडे गेली. तिच्या पाठीकडे बघताना याला चिकटपट्टीचा तो तुकडा आठवला. जेवणापर्यंत किती तास होतात याचा हिशेब तेव्हा त्याने केला नव्हता. साडेतीन.

पायी घरी येताना त्याला लाज वाटली, राग आला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तो थोडा रडलासुद्धा. आणि या सगळ्याच्या तळाशी एक किडा वळवळत होता: नऊ हजार दोनशेपासून बाराच गुणांचा फरक म्हणजे तापल्यावरसुद्धा सूत्र खरं ठरलं. स्वतःचीच किळस यावी असा तो विचार होता, पण होता.

घरी बायको दोन कामांच्या मधल्या तासात, खुर्चीच्या टोकावर बसून वाट बघत होती. फोन मांडीवर. याने चपला काढल्या. ती उठली नाही, तिने आधी त्याच्या हाताकडे बघितलं.

"थरथरला?"

"नाही. एकही स्क्रू पडला नाही."

तिने डोळे मिटून श्वास सोडला. मग दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "किती आला?"

"नऊ हजार दोनशे बारा."

नऊ हजार म्हणजे थोडे की पुष्कळ, हे तिला माहीत नव्हतं. "आणि तुम्ही किती सांगितला होतात?"

तोंडातून निघून गेलं. खोटं नव्हतं. "नऊ हजार दोनशे."

"म्हणजे बाराचाच फरक!" ती उभी राहिली. "शंभर चालणार होते ना? आणि तुमचा बाराच! अहो, मी तुम्हाला काय काय बोलले..." तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, डोळ्यांना लावला. तिचे तळवे इस्त्रीने जागोजागी भाजलेले होते. मग तिने फोन उचलला.

आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं: थांब. चूक डोळ्यांसमोर घडत होती, स्वच्छ दिसत होती, आणि ती एका शब्दाने थांबणार होती. वीस वर्षं अशा वेळी त्याने जे केलं तेच केलं. तो गप्प राहिला.

"मी बोलतेय," बायको फोनवर म्हणत होती, आवाज चढत चालला होता. "नाही, उशीर होणार नाही, येणारच नाही मी. आजही नाही, एक तारखेलाही नाही. तुमचे शर्ट तुम्हीच अंगावर फेकून घ्या... हो, चांगलं ऐका. माझ्या नवऱ्याला काम लागलंय. पाया पडत आलात तरी परत पाऊल ठेवणार नाही." पाठ केलेलं सगळं तिने म्हणून टाकलं, एकही वाक्य न विसरता, आणि हसत हसत त्याच्याकडे वळून बघितलं.

तो खिशात हात घालून उभा होता. फिल्मला अजून थोडी पेस्ट लागलेली होती, ती बोटांना चिकटत होती.